उमेदवारीचे मार्ग

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या आणि परीक्षेच्या संदर्भात आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्याच्या पोटात आशा या अर्थाचा ‘उमेद’ हा फारसी शब्द वसलेला आहे आणि एके काळी मामलेदाराच्या कचेरीत बिनपगारी बसून, दफ्तरे बांधीत, नकला उतरीत आणि जुन्या कारकुनाच्या हाताखाली हिशेबाचा शिरस्ता शिकत एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या तरुणास हे नाव होते, याचा आपणांस विसर पडतो. त्या तरुणास दीर्घकाळ मुशाहिरा मिळत नसे. पण जागा रिकामी झाली म्हणजे त्याला अर्जात स्वतःचे गुणवर्णनही करावे लागत नसे, कारण त्याचे अक्षर, त्याची हजेरी, त्याची सचोटी आणि त्याचे दोषसुद्धा वरिष्ठांनी डोळ्यांनी पाहिलेले असत. ही पद्धत न्याय्य नव्हती. ज्याच्या घरची चूल दुसऱ्याच्या मिळकतीवर पेटत होती आणि ज्याच्या जातीस कचेरीच्या पायरीवर मज्जाव नव्हता, त्यालाच ही उमेद परवडत असे. तथापि नोकरीच्या व्यवहाराचे मर्म या पद्धतीत जितके उघडे दिसते तितके ते पुढच्या कोणत्याही पद्धतीत दिसत नाही. नोकरी देणारा आणि मागणारा हे बहुधा एकमेकांस अपरिचित असतात. आणि अपरिचित माणसावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणजे वशिला, जॉबर, परीक्षा, सेवायोजन कार्यालय, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि आजचे संगणकीय अर्ज होत. नोकरी शोधणाऱ्याने काय करावे याविषयी आज उपदेशाचा सुकाळ आहे. परंतु समोरच्या माणसास आपल्याविषयी कोणता पुरावा हवा आहे हे ज्याला उमगले नाही, त्याला तो उपदेश कामी येत नाही. म्हणून प्रस्तुत आढावा मी त्या पुराव्याच्या अनुरोधानेच घेणार आहे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभारली आणि त्यानंतरच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे परळ-लालबागेत उतरली. गिरणीच्या व्यवस्थापकास त्यांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसे. त्याला ठाऊक असे तो जॉबर, आणि बायकांच्या खात्यात नायकीण. जॉबराने आपल्या गावचा, आपल्या भावकीतला माणूस फाटकातून आत न्यावा, तो पळून गेला वा कामचुकार निघाला तर त्याची लाज जॉबरास वाटावी, आणि या जामिनकीच्या बदल्यात जॉबराने त्याच्याकडून दस्तुरी उकळावी, असा तो व्यवहार होता. जो कायम नव्हता तो ‘बदली’ म्हणून सकाळी फाटकाशी उभा राही आणि कोणी गैरहजर राहिल्यास त्याला दिवसाचे काम मिळे. हा अधिकार जॉबराच्या हातून काढून घ्यावा, अशी शिफारस १९३१ साली व्हिटले आयोगाने केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धतही सुरू झाली. परंतु कार्ड असो वा नसो, कोणत्या खात्यात माणूस हवा आहे ही बातमी चाकरमान्याला कळे ती खानावळीत ताटावर बसल्यावर किंवा गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत. गोव्याच्या खलाशांचीही तीच तऱ्हा. धोबी तलावाच्या परिसरात एकेका गावाने चालविलेल्या ‘कूड’ नामक वसतिगृहांत पुढच्या बोटीची वाट पाहणारा खलाशी केवळ झोपण्यापुरता राहत नसे. कोणती बोट केव्हा लागणार आणि भटारखान्यात किती माणसे घेणार, ही वार्ता त्याच ठिकाणी फिरत असे.

ही ओळखीपाळखीची वाट यंत्रयुगाबरोबर बुजून जाईल, अशी अपेक्षा करणाऱ्यांस समाजशास्त्राने वेगळेच दाखविले. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन संशोधकाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूटन या गावी नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ सुशिक्षित पुरुषांची चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ५६ टक्क्यांना ती नोकरी व्यक्तिगत ओळखीतून मिळाल्याचे आढळले. १९७३ चा त्याचा निबंध आणि १९७४ चा ग्रंथ जगभर गाजले, ते मात्र या आकड्यामुळे नव्हेत. ज्या ओळखीतून नोकरी मिळाली त्या ओळखीचा माणूस आठवड्यातून दोनदा भेटणारा जिवलग असण्याचे प्रमाण केवळ सतरा टक्क्यांच्या आसपास होते. बाकीचे लोक अधूनमधून किंवा वर्षाकाठी एखाद्या वेळी भेटणारे होते. याचे कारण एकदा सांगितले म्हणजे पटते. आपले जिवलग आपल्याच वर्तुळात वावरतात आणि आपल्याला जे ठाऊक असते तेवढेच त्यांनाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वर्तुळाच्या कडेवरील माणसाकडून. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगानेही हाच निष्कर्ष थोडा सुधारून मांडला: अगदी परके नव्हेत आणि अगदी जवळचेही नव्हेत, अशा मधल्या अंतरावरील ओळखी नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपकारक ठरतात, आणि ज्या उद्योगांत संगणकाचा वापर कमी तेथे घट्ट संबंधांचे महत्त्व टिकून राहते. यावरून व्यवहारास लागू पडणारी एक गोष्ट मी निःशंकपणे सांगेन. जुना वर्गबंधू, आधीच्या कचेरीतला सहकारी, आपल्याला एकदा शिकविलेले प्राध्यापक यांना पत्र किंवा संदेश लिहिताना ‘माझ्यासाठी कुठे जागा पाहा’ असे लिहू नये. त्यांच्या खात्यात काम कसे चालते, कोणते कौशल्य तेथे कमी पडते, आणि माझ्यासारख्याने काय शिकून यावे, हे विचारावे. नोकरी मागणाऱ्यास नकार देणे माणसाला भाग पडते. माहिती विचारणाऱ्यास तो सहसा विन्मुख पाठवीत नाही, आणि त्या वीस मिनिटांच्या संभाषणात विचारणाऱ्याची समज त्याला आपोआप दिसते.

आता या ओळखीच्या वाटेची दुसरी बाजू पाहिली पाहिजे, आणि ती आपल्या दादरमध्येच फार स्पष्टपणे नोंदली गेली आहे. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादर भागातील शाळांची वीस वर्षांची दप्तरे आणि सुमारे ४,९०० कुटुंबांची माहिती तपासून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्वदीच्या दशकात मुंबईत इंग्रजी जाणणाऱ्यांच्या मिळकती झपाट्याने वाढल्या, तेव्हा ज्या जातींच्या पुरुषांचे गिरण्या, कारखाने, गोदी यांतील कामांवर पिढ्यान्‌पिढ्या परस्पर साहाय्याचे जाळे होते, त्या जातींतील मुलगे पूर्वीप्रमाणे मराठी माध्यमाकडेच अधिक जात राहिले. कारण काका-मामाच्या शब्दावर काम मिळण्याची खात्री त्याच वाटेवर होती. मुलींसाठी असे कोणतेही जाळे नव्हते. म्हणून त्या मुली इंग्रजी शाळांत मोठ्या संख्येने गेल्या आणि उच्च जातींतील मुलींच्या बरोबरीला येऊ लागल्या. ज्या ओळखीने आजोबांना गिरणीच्या फाटकातून आत नेले तिनेच नातवाला त्याच आळीत अडवून धरले, आणि तिच्यापासून वंचित असलेल्या नातीने नवी वाट धरली, ही घटना मला या सर्व विषयातली सर्वांत विचारार्ह वाटते. मराठी माध्यमाचा दोष तीत काही नाही. ज्या पदांकडे ती वाट जात होती ती पदेच नाहीशी होत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाने हे प्रत्यक्ष भोगले. म्हणून मामा नोकरी लावून देणार असेल तर ती अवश्य घ्यावी. मात्र मामा ज्या धंद्यात आहे तो आणखी वीस वर्षांनी असेल काय, ही चौकशी मामाच्या बाहेरच्या माणसाकडे करावी.

आणि ज्यांना मामाच नाही त्यांचे काय? सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावात भेद असलेले ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जास बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जास सुमारे एकतृतीयांश निघाली. अर्ज नीटनेटका लिहा म्हणजे झाले, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे समोर ठेवावेत. अपरिचितावरील अविश्वासाचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याच्या नावावरच संशय घेतला जातो त्याला तेवढ्याच जागेसाठी अधिक पुरावा सादर करावा लागतो, आणि हा अन्याय त्याच्या श्रमाने नव्हे, तर निवड करणाऱ्यांच्या नियमाने दूर व्हावयास हवा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला तो याच जाणिवेतून.

नियमाने चालणारी दुसरी वाट सेवायोजन कार्यालयांची. युद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ साली, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सभासद असताना, ही यंत्रणा उभी राहिली. पुढे १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा कळविण्याचे बंधन घातले. कळविण्याचे बंधन होते, त्या यादीतूनच माणूस घेण्याचे नव्हते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असा निर्णय दिला की, कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वर्तमानपत्रांतून जाहिरातही द्यावी. तेव्हा नाव नोंदवून घरी बसलेल्यास बोलावणे येईल हा समज केव्हाच जुना झाला. नोंदणी जरूर करावी, कारण मेळाव्यांची आणि प्रशिक्षणाची वार्ता तेथून मिळते. पण तिच्यावर विसंबून राहू नये.

यापेक्षा कितीतरी अधिक फलदायी आणि तरीही उपेक्षित वाट म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. आयटीआय उत्तीर्ण झालेला फिटर किंवा वायरमन, पदविकाधारक, आता पदवीधरसुद्धा, कारखान्यात विद्यावेतनावर ठरावीक मुदत काम शिकतो. आणि कचेरीतल्या त्या जुन्या उमेदवाराला जे मिळत होते ते, म्हणजे प्रत्यक्ष पाहिले गेल्याचा लाभ, त्याला उपाशी न राहता मिळतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आरंभी सहा महिन्यांच्या कामासाठी बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये ठरविण्यात आले, तेही याच तत्त्वावर. अशा जागी गेलेल्या तरुणाने मुदत संपल्यावर कायम करण्याची आशा बाळगणे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांकडे असे काम मागावे की ज्याचा दाखला बाहेरच्या माणसाला समजेल. सहा महिने टपाल वाहिले, यापेक्षा सहा महिन्यांत तीन वर्षांच्या तुंबलेल्या नोंदी संगणकावर चढविल्या, हे वाक्य पुढे फार दूरवर पोहोचते.

अर्ज लिहिण्याविषयी थोडक्यात सांगितले तरी चालण्याजोगे आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी यंत्र चाळते आणि मग माणूस. म्हणून जाहिरातीत ज्या शब्दांत काम सांगितले आहे तेच शब्द, ते खरे असतील तेथे, अर्जात यावेत, आणि चौकटी, रंग, छायाचित्रे यांचा सोस टाळावा. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ या विधानाला कोणीच साक्षी नसतो. ‘तीन दुकानांची जीएसटी विवरणपत्रे दोन वर्षे मुदतीत भरली’ याची खातरजमा करता येते. कोठे, कोणत्या तारखेस, कोणामार्फत अर्ज केला आणि पुढे काय झाले, याची एक रोजकीर्द ठेवावी. चाळीस अर्जांनंतर ती उघडून पाहिली म्हणजे बोलावणेच येत नाही, की बोलावणे येऊन मुलाखतीत अडते, हे कळते. आणि या दोन आजारांचे औषध अगदी भिन्न आहे. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, मग ते ‘अनामत’ म्हणून असोत, गणवेशासाठी असोत वा प्रशिक्षणासाठी, त्याच्यापासून दूर राहावे. आखाती देशांत जाऊ इच्छिणाऱ्या कोकणातल्या तरुणांनी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेल्या दलालाखेरीज कोणाच्याही हाती पारपत्र देऊ नये. घरची भातशेती गहाण टाकून फसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि ते दुःख कोणाच्या वाट्याला येऊ नये असे मनापासून वाटते.

मुलाखतीविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली पंचाऐंशी वर्षांतील संशोधनाची एकत्र छाननी करून दाखविले की, इकडच्या तिकडच्या गप्पांवर केलेली निवड कच्ची ठरते, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना किंवा सर्वांना तेच प्रश्न ठरवून विचारलेली मुलाखत अधिक भरवशाची असते. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या फेरतपासणीत अशी आखीव मुलाखत अग्रस्थानी आली. याचा अर्थ उमेदवाराच्या दृष्टीने असा की, परीक्षक अव्यवस्थित असला तरी आपण व्यवस्थित असावे. निवड समितीच्या मेजाच्या पलीकडच्या बाजूस बसण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला. तेथे बसून मी जे पाहिले ते हे: ज्यांनी स्वतः केलेल्या एका कामाची हकीकत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अडचण काय होती, आपण काय ठरविले, काय चुकले, चूक कशी निस्तरली, अशा क्रमाने सांगितली, ती माणसे महिन्याभराने आठवत; ज्यांनी गुणांची यादी सांगितली ती दुपारपर्यंत पुसट होत. ग्रामीण भागातून आलेली, मराठीत शिकलेली मुले इंग्रजीत बोलताना अडखळतात आणि तेवढ्याने स्वतःला कमी लेखतात, हे पाहून मला नेहमी हळहळ वाटली. अशा मुलाने आपल्या तीन कामांच्या तीन हकीकती इंग्रजीत लिहून, मोठ्याने म्हणून, मित्रापुढे वीस वेळा सांगून पाहाव्यात. सर्व इंग्रजी भाषा महिन्यात येत नाही. आपल्याच कामाचे इंग्रजी महिन्यात खचित येते.

नियुक्तिपत्र हाती आले म्हणजे आनंदाच्या भरात ते न वाचता सही करणारे फार. सीटीसी या नावाने सांगितलेली वार्षिक रक्कम आणि दरमहा हातात येणारा पगार यांत बरेच अंतर असते. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा वाटा, बदलता बोनस, विम्याचा हप्ता हे सारे त्या रकमेत मिळविलेले असते. राजीनाम्याच्या सूचनेची मुदत किती आणि करारपत्रात भरपाईचे कलम आहे काय, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. पगाराची मागणी करताना गरजेचा दाखला देऊ नये, त्याच कामाला त्याच शहरात चालू असलेल्या दराचा द्यावा.

बढतीचा प्रश्न सरकारी आणि खाजगी नोकरीत निरनिराळा आहे. सरकारी नोकरीत ज्येष्ठता, विभागीय परीक्षा आणि गोपनीय अहवाल हे तीन खांब. यातील तिसऱ्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त यांच्या प्रकरणात निर्णय दिला की, अहवालातील प्रत्येक शेरा, तो चांगला असो वा वाईट, संबंधित सेवकास कळविला पाहिजे. हा हक्क बजावून मुदतीत निवेदन देणारे थोडे, आणि पदोन्नती हुकल्यावर दाद मागत फिरणारे पुष्कळ. खाजगी नोकरीत असा कोणताही लेखी आधार नसल्यामुळे आपला अहवाल आपणच लिहावा लागतो: दर महिन्याच्या अखेरीस काय पुरे केले, त्याने कोणाचे काय वाचले वा वाढले, हे पाच ओळींत लिहून ठेवणाऱ्या माणसास वर्षअखेरीच्या चर्चेत आठवणीवर हवाला ठेवावा लागत नाही. आणि कधी कधी वरचे दार बंदच असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक असताना त्यांना डावलून बढती दुसऱ्यास दिली गेली. त्यांनी ती नोकरी सोडली, बेळगावच्या सायकलींच्या दुकानातून पुढे लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे तो नांगर आरंभी कोणी घेईना, आणि शेतकऱ्यांचा विश्वास हळूहळू मिळवावा लागला, ही गोष्ट या चरित्रात मला त्या राजीनाम्याहून मोलाची वाटते.

शेवटी त्या तरुणांकडे वळतो, ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या, मेसच्या डब्यावर आणि कॉट बेसिसच्या खोलीत पाचसहा वर्षे काढणाऱ्या या मुलामुलींपुढे अपरिचितावरील विश्वासाचा सर्वांत निर्मळ मार्ग आहे: परीक्षा. १ मे १९६० पासून महाराष्ट्र लोकसेवा आयोग ही वाट राखीत आला आहे, आणि ज्या घरात कधी कोणी कचेरीची पायरी चढले नव्हते त्या घरातील मुलगी या वाटेने तहसीलदार झाली आहे. तिचे मोल कमी करणे म्हणजे कृतघ्नता होय. परंतु जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित पाहता बहुसंख्य मुलांना तिसाव्या वर्षी परत फिरावे लागते, आणि तेव्हा अर्जात त्या सहा वर्षांपुढे लिहिण्यास काहीच नसते. इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था त्यांनी किती बारकाईने वाचली, हे मालकाला कसे कळावे? केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्या, संमती देणाऱ्या उमेदवारांची माहिती २०१८ पासून बाहेरच्या संस्थांना खुली केली आणि २०२५ साली त्याच व्यवस्थेला ‘प्रतिभा सेतू’ हे रूप दिले, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. पण पूर्वपरीक्षेत किंवा मुख्य परीक्षेत थांबलेल्यांची संख्या त्याहून फार मोठी, आणि त्यांचा पुरावा त्यांनाच घडवावा लागेल. त्यांनी पहिल्याच वर्षी, अभ्यासाच्या तासांतून आठवड्याला चार तास बाजूला काढून, धाकट्या वर्गाला राज्यघटना शिकवावी, अभ्यासिकेचा जमाखर्च लिहावा, गावच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मिळवून त्यावर टिपण तयार करावे, आणि ज्याच्यासाठी ते काम केले त्याच्याकडून तारीख घातलेला, सहीचा दाखला घ्यावा. मग परतीच्या गाडीत बसावेच लागले, तरी पेटीत पुस्तकांबरोबर तो कागद असेल.